ही क्लिप कुठली, हवाला कुठला आणि मसला कुणाचा? किनाऱ्यावरच्या जमातींना आणि शांतता समित्यांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जमातींचे अध्यक्ष, मुतवल्ली आणि खतीब,
तसेच गावोगावच्या शांतता समित्यांचे व तंटामुक्ती समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार. अस्सलामु अलैकुम.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेली काही वर्षं तो नेमका शिमग्याच्या दिवसांत येतो आहे. याच दिवसांत इस्लामविषयीच्या क्लिपा ग्रुपांवर धो धो येतात. कुणी चिडून पाठवतो, कुणी भक्तीने. मग रात्री तातडीची बैठक होते, मोबाइल टेबलावर ठेवला जातो, क्लिप तीनदा पाहिली जाते आणि 'खरी की खोटी' यावर दोन तट पडतात.

आमचं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. एका क्लिपमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात: दृश्य, हवाला (धर्मग्रंथातला आधार) आणि मसला (त्यावरून सांगितलेला धर्मनियम). दृश्य खरं असून हवाला अर्धवट असू शकतो. हवाला तंतोतंत असूनही त्यातून काढलेला मसला आपल्या गावाला लागू नसू शकतो. शिवाय या तिन्हींची तपासणी करणारी माणसं वेगळी लागतात. मोबाइलमध्ये तरबेज असलेल्या पोराला हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितलेल्या वचनाचा, दर्जा कळत नाही आणि मशिदीत प्रवचन देणाऱ्या खतीबसाहेबांना स्क्रीनशॉटवरून मूळ व्हिडिओ शोधता येईलच असं नाही.

दृश्यापासून सुरुवात करू, कारण डोकी फुटतात ती दृश्यावरून. २०१३ मध्ये मुझफ्फरनगर पेटलं तेव्हा तिथली म्हणून फिरवलेली मारहाणीची क्लिप पाकिस्तानातल्या सियालकोटची होती. २०१० साली तिथे जमावाने दोन भावांना ठार मारलं होतं. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची म्हणून देशभर गेलेली मोटरसायकलची क्लिप कराचीतल्या एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी बनवलेली होती. शेवटी मोटरसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. २०२० च्या टाळेबंदीत 'करोना पसरवण्यासाठी भांडी चाटतात' म्हणून आलेली क्लिप २०१८ पासून नेटवर पडून होती. त्यातली माणसं दाऊदी बोहरा होती आणि अन्नाचा कण वाया न घालवण्याची त्यांची ती रीत आहे. या तिन्हींत कॉम्प्युटरवर काहीच बनवलेलं नव्हतं. पहिलीत ठिकाण आणि साल बदललं, दुसरीत शेवट गेला, तिसरीत कारण खोटं जोडलं. म्हणून 'व्हिडिओ बनावट वाटत नाही हो' या वाक्याला समितीत काही किंमत देऊ नये.

क्लिप पहिल्यांदा आवाज बंद करून पाहावी. मागून बोलणारा माणूस जे सांगतो तेच डोळ्यांना दिसायला लागतं, आणि तो आवाज बहुतेक वेळा नंतर चढवलेला असतो. मुकी क्लिप पाहताना दुकानांच्या पाट्या, पोलिसांचा गणवेश, गाड्यांचे नंबर यांवर नजर ठेवावी. रत्नागिरीची म्हणून आलेल्या क्लिपमध्ये एमएच ०८ ची एकही गाडी दिसू नये, हे जरा अवघडच. रायगडचा नंबर ०६, सिंधुदुर्गचा ०७. बंदरावरची क्लिप असेल तर होडीवरचा नंबर वाचावा. आपल्याकडचा 'आयएनडी एमएच' ने सुरू होतो. वाहतूक डावीकडून चालते एवढ्यावरून भारत ठरवू नये. पाकिस्तानात आणि बांगलादेशातही ती डावीकडूनच चालते. उजवीकडून असेल तर मात्र आखाती देश किंवा त्यापलीकडचं काही धरून चालावं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर क्लिप आरशासारखी फिरवलेली आहे. मूळ व्हिडिओ शोधात सापडू नये म्हणून हे करतात.

मग चार-पाच ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्यावेत. वर-खाली चिकटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून टाकाव्यात, नाहीतर फोटोवरून शोध घेणारं गूगल लेन्स त्या अक्षरांच्याच मागे लागतं. चेहऱ्यापेक्षा इमारत, कमान किंवा पाटी असलेली चौकट चांगली. क्लिप उलटवलेली असेल तर फोटो पुन्हा सुलटा करून शोधावा. जे निकाल येतील त्यांतला सर्वांत जुना पाहायचा. तो सांगितलेल्या घटनेच्या आधीचा निघाला की विषय संपला. काहीच सापडलं नाही तर मात्र 'म्हणजे नवीन आहे' असा अर्थ काढू नये. त्याचा अर्थ एवढाच की सापडलं नाही. यूट्यूबवरची तारीख व्हिडिओ चढवल्याची असते, घटनेची नव्हे, हेही भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर तो मेसेज मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला आहे. अशा वेळी 'माझ्या मेव्हण्याने स्वतः काढलाय' हे कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि पुढे जावं. खरोखर कुणी काढला असेल तर त्याच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. साध्या रीतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि त्याच्यातली तारीख-वेळेची माहिती गळून जाते.

दृश्य आपल्याच गावचं असलं तरी काम संपत नाही. मार्च २०२५ मध्ये राजापूरच्या शिमग्यातली काही सेकंदांची क्लिप 'मशिदीवर हल्ला' म्हणून देशभर गेली. होळीसाठी मिरवत आणलेला माड मशिदीच्या पायरीला टेकवण्याची प्रथा तिथे जुनी आहे, हे पोलिसांनी सांगितलं. त्याच वेळी घोषणाबाजी झाल्याचंही सांगितलं आणि गुन्हाही नोंदवला. एका बाजूने प्रथा गाळली, दुसऱ्या बाजूने घोषणा गाळल्या. बाहेरच्या माणसाला त्या सेकंदांतून यातलं काहीच कळणं शक्य नव्हतं. अशा वेळी गावच्या समितीने दोन्ही गोष्टी त्याच रात्री एका कागदावर लिहून प्रसिद्ध करायला हव्यात.

आता हवाला. 'कुराणात लिहिलंय' किंवा 'बुखारी में है' (बुखारी हा हदीसचा संग्रह) याला हवाला म्हणत नाहीत. आयत (कुराणातलं वचन) असेल तर सूरह (अध्याय) आणि आयतीचा क्रमांक हवा. क्रमांक मिळाला की ती आयत एकटी वाचू नये, आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच आयतींसकट वाचावी. विरोधकांची आवडती ९:५ घ्या. 'मुश्रिकांना (अनेक देव मानणाऱ्यांना) जिथे सापडतील तिथे मारा' एवढंच पडद्यावर येतं. तिच्या आधीची ९:४ तह पाळणाऱ्यांना वगळते, आणि नंतरची ९:६ सांगते की त्यांच्यातला कुणी आश्रय मागेल तर त्याला आश्रय द्या आणि मग त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवा. हे झालं टीकाकारांचं. आपल्या बाजूचे वक्तेही काही कमी नाहीत. 'एका निरपराध्याला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं' ही ५:३२ प्रत्येक सलोखा-सभेत ऐकू येते. पण त्या आयतीची सुरुवात बनी इस्राईलला, म्हणजे इस्राएलच्या वंशजांना, दिलेल्या हुकमाने होते, मधे अपवाद आहेत आणि लगेच पुढच्या ५:३३ मध्ये कडक शिक्षा येतात. अर्धी आयत चांगल्या हेतूने सांगितली तरी ती अर्धीच. समोरच्याने पुढची आयत वाचून दाखवली की सभेत तोंडघशी पडायला होतं. सर्वांत ठळक उदाहरण १०७:४ चं. 'नमाजींचा नाश असो' इथे थांबलं की काय होईल ते पाहा. पुढची आयत म्हणते, जे आपल्या नमाजीबाबत बेफिकीर आहेत त्यांचा.

क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच 'खोटं' म्हणू नये. काही जुन्या इंग्रजी भाषांतरांत हीच ५:३२ आयत ५:३५ म्हणून छापलेली आहे. हदीसच्या बाबतीत ही भानगड जास्त. बुखारीच्या एकाच हदीसला एका छापात सलग क्रमांक असतो, तर दुसऱ्यात खंड, किताब आणि त्यातला क्रमांक अशी मोजणी असते. 'सुन्नह डॉट कॉम' वर प्रत्येक हदीसखाली हे वेगवेगळे क्रमांक दिलेले असतात. म्हणून नंबरावर विसंबण्यापेक्षा हदीसमधले दोन-तीन वेगळे शब्द घेऊन शोधावं. सापडली की दर्जा पाहावा. अबू दाऊद, तिर्मिजी, इब्न माजा या संग्रहांत सहीह (पक्क्या) हदीसही आहेत आणि जईफही. जईफ म्हणजे कच्ची सनद, सांगणाऱ्यांची साखळी कच्ची. बऱ्याच उलेमांनी (धर्मपंडितांनी) चांगल्या कामाचं पुण्य सांगण्यापुरती ती चालवून घेतली आहे, हलाल-हराम ठरवायला मात्र नाही. मौजू म्हणजे घडवलेली. ती लोकांना सावध करण्यापलीकडे सांगायचीच नाही.

'रमजानची खबर जो पहिल्यांदा देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम' ही दर वर्षी चंद्रकोरीच्या चित्रासह येते. हदीसच्या कुठल्याच मान्य किताबात ती नाही. 'वतनावर प्रेम हा ईमानचा भाग' हे १५ ऑगस्टच्या भाषणांत हमखास असतं. भावना उत्तम, पण हदीसतज्ज्ञांना तिची सनद सापडलेली नाही. तेव्हा ते वाक्य म्हणून खुशाल सांगा, पैगंबरांच्या नावावर नको. मदिनेच्या शेख अहमदला पडलेल्या स्वप्नाचा मजकूर तर शंभराहून जास्त वर्षं जगभर फिरतो आहे. पूर्वी तो कागदावर उतरवून वीस जणांना वाटायचे, आता त्याचं रील झालं आहे. 'न पाठवल्यास नुकसान होईल' अशी धमकी ज्या क्लिपमध्ये आहे ती तपासण्यात वेळ घालवूच नये.

मसल्याकडे मात्र नीट थांबावं लागेल, कारण कोकणी मुसलमानांची खरी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपला किनारा शाफई. उर्दू-हिंदीतले बहुतेक वक्ते हनफी, काही अहले हदीस. हे धर्मनियमांबाबतचे वेगवेगळे पंथ आहेत. लखनौ किंवा लाहोरच्या मौलानांनी आपल्या श्रोत्यांना दिलेलं उत्तर दापोलीच्या मोबाइलवर येतं आणि घरातला तरुण आजीला सांगतो, 'तुमची नमाजच चुकीची आहे.' फजरमधला (पहाटेच्या नमाजीतला) कुनूत ही दुआ, मोठ्याने म्हटलेली बिस्मिल्ला, रुकूला (वाकायला) जाताना हात उचलणं, सगळं एका संध्याकाळी संशयात. असा व्हिडिओ खोटा नसतो. तो दुसऱ्याच्या नावाने लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठीसारखा असतो.

कोळंबीचं घ्या. 'झिंगा मकरूह (नापसंत) है' ही अर्ध्या मिनिटाची क्लिप मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत सगळीकडे पोहोचलेली आहे. हनफी मतात पाण्यातलं फक्त मासे या वर्गातलं खाणं हलाल, आणि कोळंबी मासा मानायची की नाही यावर हनफी उलेमांतच दोन मतं आहेत. क्लिपमध्ये त्यांतलं एकच मत येतं. शाफई मतात समुद्रातले जीव सर्वसाधारणपणे हलाल. आधार ५:९६ चा आणि 'समुद्राचं पाणी पाक, त्यातलं मेलेलं हलाल' या हदीसचा. ती अबू दाऊदमध्ये ८३ वर आणि तिर्मिजीत ६९ वर आहे. म्हणजे कोळंबी, माकुल, तिसऱ्या, कालवं यांबद्दल आपल्याकडे घोर लावून घ्यायचं कारण नाही. चिंबोरीचं मात्र वेगळं. जमीन आणि पाणी दोन्हीकडे राहणाऱ्या प्राण्यांबाबत शाफई धर्मशास्त्र्यांतही मतभेद आहेत, तेव्हा तिच्यासाठी रील न पाहता आपल्या खतीबांना विचारावं.

असरच्या (दुपारनंतरच्या नमाजीच्या) अजानचा वादही याच जातीचा. शाफई हिशेबात माध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की वेळ लागते, हनफी हिशेबात दुप्पट झाल्यावर. आपल्याकडे हा फरक साधारण तासाभराचा पडतो. मोबाइलच्या ॲपमध्ये 'हनफी' निवडलेलं राहिलं की मशिदीची अजान लवकर झाल्यासारखी वाटते आणि क्लिप बनते. दोष सेटिंगचा असतो.

पैशाचं आणखी नाजूक. अंगावर घालायच्या दागिन्यांवर हनफी मतात जकात (सक्तीचा दानधर्म) आहे. शाफई मतात, वापर जायज आणि बेताचा असेल तर, नाही. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सांगताना रीलवाले 'साडेसात तोळे' म्हणतात. तो तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून सोन्याचा आकडा ८७.४८ ग्रॅम येतो आणि चांदीच्या साडेबावन्न तोळ्यांचा ६१२.३६ ग्रॅम. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा. त्याने गुणलं तर सोन्याचे ७५ ग्रॅम होतात आणि हिशेब पार बिघडतो. ईदआधी द्यायच्या फित्र्याच्या दानातही असंच. शाफई मतात गावाचं मुख्य धान्य, म्हणजे इथे तांदूळ, माणशी एक साअ (जुनं माप) द्यायचं असतं. ते साधारण अडीच ते तीन किलो होतं. हनफी क्लिपमध्ये अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत असते. कमिटीने फलकावर रक्कम लिहिताना ती रीलवरून उचलली तर आकडा निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. रोख घ्यायची असेल तर कोणत्या मतावर, हे खतीबांनी फलकावरच लिहावं.

वक्ता कोण, हे यासाठीच पाहायचं. पगडी, लाखो सबस्क्रायबर किंवा पाठीमागची पुस्तकांची भिंत ही पात्रता नव्हे. मदरशांतला दर्स-ए-निजामीचा आलिम (धर्मपंडित) होण्याचा कोर्स सात-आठ वर्षांचा असतो आणि फतवा लिहिण्याचं शिक्षण त्यानंतरचं. तो कुठे झाला हे खरा मुफ्ती लपवत नाही. 'या मसल्यात दुसरं मतही आहे' असं म्हणणाऱ्यावर जरा जास्त विश्वास ठेवावा. क्लिप चाळीस सेकंदांची असेल तर पूर्ण बयान मागावं. पाकिस्तानचे वक्ते डॉ. इसरार अहमद एप्रिल २०१० मध्ये वारले. त्यांच्या आवाजात त्यानंतरच्या घटना ऐकू आल्या तर आवाज तरी बनवलेला आहे किंवा जुन्या वाक्यांवर नवं शीर्षक लावलेलं आहे. अरबी क्लिपखालच्या हिंदी ओळींवर विसंबू नये. कुवेत-बहरीनला नोकरी केलेले गावात पुष्कळ असतात, त्यांना बोली कळते, पण खुतब्याची (मशिदीतल्या प्रवचनाची) आणि फिकहची (धर्मशास्त्राची) अरबी वेगळी. त्यासाठी आलिमच लागतो.

एक विनंती विशेषतः जमातींना. आपल्याला आवडलेली क्लिप आधी तपासा. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही बातमी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९८३ मध्येच नाकारली होती. 'नासाने चंद्राची भेग दाखवली' म्हणून येणारा फोटो अपोलो १० चा, १९६९ सालचा. चंद्राच्या पृष्ठभागावर असलेली ती सुमारे ३०० किलोमीटरची घळ आहे, चंद्राला वेढणारी चीर नाही. 'दोन समुद्र मिळतात पण मिसळत नाहीत' या ५५:१९-२० च्या आयतींखाली दाखवतात तो फोटो २००७ मध्ये केन ब्रुलंड या समुद्रशास्त्रज्ञाने अलास्काच्या आखातात काढला. हिमनदीचा गाळ घेऊन आलेलं पाणी आणि समुद्राचं पाणी यांच्यातली ती रेघ, आणि ते पुढे मिसळतं असं त्यानेच सांगितलं आहे. पावसाळ्यात वाशिष्ठीचं गढूळ पाणी दाभोळला समुद्रात शिरतं तेव्हा अशी रेघ आपल्याकडेही दिसते. पाणी मिसळतं म्हणूनच खाडी मचूळ असते, हे मच्छीमाराला क्लिपवाल्याने शिकवायला नको. आयतीवरची श्रद्धा त्या फोटोवर उभी नाही. फोटो खोटा ठरला की शाळेतली मुलं आयतीबद्दल प्रश्न विचारतात आणि तेव्हा उत्तर द्यायला क्लिपवाला येत नाही.

आता मागणं. प्रत्येक जमातीने आणि शांतता समितीने मिळून तीन माणसं नेमावीत: दृश्यासाठी मोबाइल जाणणारा एक, हवाल्यासाठी आलिम, आणि तिसरा गावातला दुसऱ्या समाजाचा. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांचा निकाल अर्ध्या गावाला पटत नाही. निकाल 'खरं-खोटं' असा न देता तीन ओळींत द्यावा: दृश्य कुठलं व केव्हाचं, हवाला पूर्ण की तुटका, मसला कुणाचा. ज्या ग्रुपवर क्लिप आली त्याच ग्रुपवर तो टाकावा. एखादी ओळ रिकामी राहिली तर 'सापडलं नाही' असं लिहावं. अंदाज लिहू नये. फतव्याची क्लिप असेल तर एक ओळ जास्त टाकावी: सर्वोच्च न्यायालयाच्या ७ जुलै २०१४ च्या निकालाप्रमाणे फतव्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही.

ॲडमिन मंडळींना एवढं सांगावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या पोस्टसाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पाठवणारा आणि पुढे ढकलणारा मात्र सुटत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६, २९९ आणि ३५३ त्यासाठी आहेत. चिथावणीची क्लिप सर्वांसाठी डिलीट करण्यापूर्वी ती फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि ग्रुपचं नाव जपून ठेवावं. 'पुराव्यासाठी' म्हणून ती दुसऱ्या ग्रुपवर टाकू नये. पोलिसांकडे देताना फाइल ज्या मोबाइलवर आली तो मोबाइलही दाखवावा लागेल, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याच्यावरून बनतं. तोवर तो मोबाइल रिसेट करू नये आणि विकूही नये. नेमलेल्या तिघांची नावं रमजानच्या आधीचा शाबान महिना संपण्याआधी जमातीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत.

आपले,
किनाऱ्यावरच्या गावांतले काही शिक्षक, आलिम आणि मोबाइल-तपासणीचं काम करणारे